सेफ्टी वॉलला टोपण: जळगावातल्या एका गळक्या गिझरचं प्रकरण

हे प्रकरण जळगावच्या पिंप्राळा भागातल्या एका दुमजली घरातलं. घरात निवृत्त अप्पा, काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा, २००० वॉटचा, भिंतीला उभा टांगलेला स्टोरेज गिझर. सात हिवाळे काढलेला. तक्रार एका ओळीची: गिझर गळतोय. डिसेंबर लागला की असे गिझर आमच्या दुकानी येतच राहतात. कुठे वायसर गेलेलं असतं, कुठे पाइपाचं नट ढिलं झालेलं असतं, आणि लिहून ठेवावं असं त्यात सहसा काही नसतं. इथे होतं. हा गिझर आधी एकदा 'दुरुस्त' झालेला होता, आणि खरी भानगड त्या दुरुस्तीतच होती.

फोनवर

अप्पांचा फोन सकाळीच आला. "रात्रीपासून टपकतंय भो, आन् नळाला हात लावला का झिणझिण्या येतात."

नुसती गळती असती तर दुपारी गेलो असतो. झिणझिण्या म्हटल्यावर हातातलं काम ठेवलं. निघायच्या आधी त्यांना फोनवरच सांगितलं की खाली मेन बोर्डावरची गिझरची एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, बाथरूममधल्या बटणावर भरवसा ठेवू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं बऱ्याचदा सापडतं. मग बटण बंद, वरचा लाल दिवा विझलेला, आणि करंट मात्र पाणी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत हजर. एमसीबी पडली की गिझरखालचा पाण्याचा कॉक बंद करा. तो क्षाराने जाम झाला असेल तर पान्याने जबरदस्ती करू नका, तुटला तर घरात पूर येईल. त्यापेक्षा गच्चीवर जाऊन टाकीचा वॉल (व्हॉल्व्ह) फिरवा. खाली बादली ठेवा आणि बाकी कशालाही हात लावू नका. आतलं पाणी ६० अंशांवर असेल तर काही सेकंदांत कातडी सोलून निघते.

कॉक बंद केल्यावरही टपकणं थांबलं नाही म्हणून अप्पांचा परत फोन आला. ते लगेच थांबणार नव्हतंच. टाकीत १५ लिटर असतात, वरून नवीन पाणी येणं तेवढं थांबतं.

कुठून गळतंय

गिझरच्या गळतीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. थेंब खालच्या प्लास्टिकच्या झाकणावरून पडतो, म्हणून माणूस झाकणाजवळचंच काहीतरी आवळायला लागतो. पण टाकी आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये फोम भरलेला असतो. वर एखाद्या टोकाला छिद्र पडलं तरी पाणी फोममध्ये मुरत, वाट काढत काढत तळाशी येतं आणि तिसऱ्याच ठिकाणाहून बाहेर पडतं. फोम भिजलेला असला की गळती बंद केल्यावरही तासन् तास थेंब पडत राहतात.

तपासण्याच्या जागा तशा चारच. पाइपांची नटं, पाणी आत येण्याच्या बाजूचा सेफ्टी वॉल (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह), कॉइल ज्यावर बसते त्या फ्लँजचं, म्हणजे टाकीच्या तळाच्या चकतीचं, वायसर, आणि खुद्द टाकी. पहिल्या तीन जागांचं काम तासाभरात आणि थोड्या पैशांत होतं. चौथीचं होत नाही.

पोचलो तेव्हा गिझर कोमट झालेला होता. आधी टेस्टर आणि मीटरने सगळं मेलेलं आहे याची खात्री केली, मग फडक्याने गिझर कोरडा पुसला. येण्या-जाण्याच्या दोन्ही पाइपांच्या नटांभोवती वर्तमानपत्राचे तुकडे गुंडाळले. दहा मिनिटांनी कागद कोरडे ते कोरडेच. सेफ्टी वॉल पाहायला गेलो तर तोही कोरडा, आणि का कोरडा तेही दिसलं. वॉलच्या पोटाशी जी छोटी नळी असते, ज्यातून जास्तीचं पाणी बाहेर पडतं, तिच्यात एक स्क्रू ठोकून वरून एम-सीलचा गोळा थापलेला होता. गोळा चांगला गुळगुळीत केलेला, वरून पांढरा रंगसुद्धा दिलेला. काम करणाऱ्याने मन लावून काम केलं होतं, यात शंका नाही.

खालचं झाकण उघडलं. फ्लँजच्या बोल्टांवर पांढरी-हिरवी बुरशी चढल्यागत क्षार जमलेला, आणि सगळं ओलं. इथे कोणीही म्हणेल की वायसर गेलं, बदला. पण ओलं कुठून झालं ते बघायचं होतं. काकूंकडून पांढरी रांगोळी मागितली. फ्लँज पुसून, हवा मारून कोरडा केला आणि वायसरच्या कडेने सगळीकडे रांगोळीची पूड बोटाने दाबली. कॉक उघडून थंडच पाणी भरलं, वीज बंदच ठेवली. रांगोळीवर पाण्याचा डाग लगेच दिसतो, पूड करडी पडते. फ्लँजच्या सांध्यातून पाणी आलं असतं तर पूड गोलाकार, आतल्या कडेने भिजली असती. ती भिजली एकाच बाजूने, बाहेरच्या कडेने, आणि वर बघितलं तर फोममधून एक तपकिरी ओघळ खाली उतरत होता.

तपकिरी, हे महत्त्वाचं. वायसरमधून येणारं पाणी स्वच्छ असतं. गंजाचा रंग टाकीतूनच येतो.

थेंब बंद करण्याची हकीकत

अप्पांना विचारलं की हा एम-सीलचा गोळा कधीचा. त्यांना आठवेना, काकूंना बरोबर आठवलं. मागच्या हिवाळ्यात गिझरखाली वॉशिंग मशीन आणून ठेवलं. त्याआधी सेफ्टी वॉलचे थेंब फरशीवर पडून वाहून जात, कोणाचं लक्ष नव्हतं. आता ते मशीनच्या झाकणावर पडायला लागले, पांढरे डाग पडले. सूनबाईंनी कुरकुर केली, गल्लीतल्या प्लंबरला बोलावलं. त्याने पाहिलं, "वरून पाण्याचं प्रेशर जास्त येतं, म्हणून वॉल टपकतो" म्हणाला आणि तोंड बंद करून टाकलं. थेंब थांबला. सगळे खूश.

प्रेशरची ती गोष्ट आकड्यांत टिकत नाही. गच्चीवरच्या टाकीपासून गिझरपर्यंत उंची फार तर चार मीटर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, म्हणजे इथे अर्धा बारही नाही. हा गिझर आठ बारला चालेल असा बनवलेला, तसं त्याच्या पाटीवर लिहिलेलं आहे. नुसत्या टाकीच्या पाण्याने तेवढा दाब आणायचा तर टाकी ८० मीटर उंच न्यावी लागेल. पिंप्राळ्यात एवढी उंच इमारत मी तरी पाहिलेली नाही.

मग थेंब का पडत होता? पाणी तापलं की फुगतं. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे टाकीतलं पाणी १५ अंशांच्या आसपास असतं. तसं १५ लिटर पाणी ६५ अंशांवर नेलं की ते सव्वापंधरा लिटरच्या जरा वर जातं. म्हणजे पाव लिटरहून थोडं जास्त पाणी, ज्याला टाकीत जागा नाही. मागे गच्चीच्या टाकीकडे ते जाऊ शकत नाही, कारण त्याच वॉलमध्ये एकतर्फी झडप असते. पाणी आत येतं, परत जात नाही. पुढे जायचं तर नळ बंद. पाणी काही दाबून लहान होत नाही. दाब भराभर चढतो, वॉलची स्प्रिंग उचलली जाते आणि ते जास्तीचं पाणी थेंबाथेंबाने बाहेर पडतं. २००० वॉटच्या गिझरला एवढं तापायला पंचवीस-सव्वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात टपटप होणार, गिझर बंद केला की थांबणार.

यातच खरी-खोटी गळती ओळखायची खूण आहे. गिझर तापताना टपकतो आणि थंड झाल्यावर थांबतो, तर वॉल धडधाकट आहे, त्याचं काम करतोय. गिझर बंद, पाणी थंड, तरी दिवसभर टपकतो, तर वॉलच्या बैठकीत क्षाराचा कण अडकलाय. तेव्हा त्याची छोटी दांडी दोन-तीनदा उचलून पाणी जोरात सोडायचं, नाहीच थांबलं तर वॉल नवा टाकायचा. दोन्ही बाबतीत त्याचं तोंड बंद करणं हा उपाय नाही.

काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे कुकरच्या शिट्टीवर बोट ठेवल्यासारखंच की!" मी म्हटलं, अगदी तेच, आणि कुकरला शिट्टी अडकली तर निदान सेफ्टी प्लग असतो, इथे दोन्हींचं काम हाच एक वॉल करतो.

तोंड बंद केल्यावर ते पाव लिटर पाणी गेलं कुठे, हा प्रश्न मला पडला होता, कारण ते कुठेतरी जायलाच हवं. उत्तर सूनबाईंकडे मिळालं. त्यांची स्वतंत्र तक्रार होती: गिझर लावला की शॉवर आपोआप टपकतो. दिवाळीत शॉवरच्या मिक्सरचं, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाचं, कार्ट्रिज (आतला पाणी बंद करणारा भाग) बदललं, तरी टपकतोच. नवीन कार्ट्रिजसुद्धा खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण झालेलं. कार्ट्रिज चांगलं होतं. सेफ्टी वॉलची वाट बंद झाल्यावर दाबाने पुढची कमकुवत जागा शोधली, ती मिक्सरची होती. खरं तर मिक्सर टपकत होता म्हणूनच टाकी वर्षभर टिकली असं माझं मत आहे. तो पक्का बंद होणारा असता तर सगळा ताण टाकीनेच खाल्ला असता.

थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा) आणि कटआउट (तो चुकला तर वीज तोडणारा) दोन्ही तपासले. दोन्ही चालू निघाले, म्हणून हे प्रकरण एका गळतीवर निभावलं. थर्मोस्टॅट चिकटला असता आणि त्याच दिवशी कटआउटनेही दगा दिला असता, तर पाणी १०० अंशांच्या वर गेलं असतं. बंद टाकीत दाबाखाली ते पाणीच राहतं. पण टाकी फाटून दाब सुटला की त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. गिझर छत फोडून जातात ते असे. बाथरूममधला तो स्क्रू जेमतेम दोन रुपयांचा असेल.

टाकीत काय होतं

पाणी सोडून फ्लँज काढला. आधी लालसर गाळ आला, मग पापडाच्या चुऱ्यासारख्या क्षाराच्या खपल्या, तसल्याच दोन ओंजळी निघाल्या. कॉइल ओळखू येत नव्हती, बोटभर जाडीची पांढरी कांडी झाली होती. आणि मॅग्नेशियम रॉडच्या जागी फक्त आतली तार लोंबत होती.

अप्पांनी विचारलं, "हा रॉड म्हणजे काय भो? याचं तर कोणी कधी सांगितलंच नाही." कोणी सांगत नाही हे खरं. टाकी पोलादाची, आतून काचेचा थर, तो ८०० अंशांच्या वर भट्टीत भाजून चढवलेला. काच गंजत नाही. पण त्या थरात सांध्यापाशी, वेल्डिंगच्या कडेला, डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा राहतातच. तिथे पाणी लोखंडाला भिडतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजणारा धातू, म्हणून पाण्याचा मारा तो स्वतःवर घेतो आणि लोखंड वाचतं. रॉड आहे तोवर टाकी आहे. पाणी जितकं क्षाराचं तितका तो लवकर संपतो. एक-दोन वर्षांनी उघडून बघायचा, निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदलायचा. काही शे रुपयांचं काम. या घरात सात वर्षांत फ्लँज एकदाही उघडलेला नव्हता.

पाण्याचं म्हणाल तर या घराचं गणित जळगावातल्या अनेक घरांसारखंच आहे. नळाला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअर. गच्चीवर दोन काळ्या टाक्या, पण दोन्ही खालून एकाच पाइपाने जोडलेल्या, त्यामुळे गिझरला जे मिळेल ते. बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बाजूच्या बोअरचं पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, आणि बादलीला आतून पांढरी कड धरते ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. असं पाणी तापवलं की त्यात विरघळलेला कॅल्शियमचा क्षार बाहेर पडतो, आणि तो जिथे सगळ्यात गरम तिथे, म्हणजे कॉइलवर, चिकटतो. थर्मोस्टॅट जितका वर ठेवाल तितका जास्त. इथे तो शेवटच्या टोकाला फिरवलेला होता. थंडी आहे म्हणून.

बॅटरी लावून टाकीच्या आत पाहिलं. वरच्या वेल्डिंगच्या रेषेवर गंजाच्या उभ्या धारा उतरलेल्या, तिथेच कुठेतरी छिद्र. माझ्या हिशेबाने रॉड संपला तेव्हाच टाकीचे दिवस भरत आले होते. वॉल बंद केल्याने ते लवकर भरले. रोज पहाटे दाब चढायचा, नळ सोडला की उतरायचा. टाकी तेवढी ताणली जायची, परत बसायची. लोखंड हे सोसतं, काच सोसत नाही. तिच्या चिरा वाढतात.

मुलाने वेल्डिंगचा विषय काढला, ओळखीचा फॅब्रिकेटर आहे म्हणाला. नको म्हटलं. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूची काच तडकते, आज एक छिद्र बुजेल, पुढच्या हिवाळ्यात चार पडतील. बाहेरून एम-सील तर नाहीच. दाबाखालच्या गरम पाण्याला ते धरत नाही.

झिणझिण्या

कॉइलच्या नळीच्या आत तार आणि पांढरी पूड भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइडची. कोरडी असताना ती वीज अडवते. क्षाराचा थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत तापून तडकते, पूड ओल धरते आणि वीज थोडी थोडी पाण्यात उतरायला लागते. मेगर (वीज कुठे गळते का ते मोजायचं मीटर) लावून पाहिलं तर कॉइल आणि बॉडीमध्ये अर्ध्या मेगओहमपेक्षाही कमी. चांगल्या कॉइलला कितीतरी मेगओहम दाखवतो.

हे व्हायलाच नको असं नाही, कॉइल जुनी होते. पण अर्थिंग धड असतं तर करंट जमिनीत गेला असता. सॉकेट उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूतून निसटून मागे वळलेली. १६ अँपिअरची एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण गळणारा करंट तिच्या हिशेबात नगण्य असतो. ती वायरिंग वाचवायला आहे, माणूस वाचवायला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरवर पडणारी आरसीसीबी लागते, जिला आमच्याकडे अजून ईएलसीबीच म्हणतात. ती या घरात नव्हती. नातीला झिणझिण्या आठवडाभर येत होत्या आणि ती "नळ चावतो" म्हणत होती. मोठ्यांना वाटलं थंडीमुळे म्हणते. अप्पांनी स्वतः हात लावला तेव्हा फोन केला.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला. माती कोरडी ठणठणीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हे खड्डे पार आटतात आणि मग पावसाळ्यापर्यंत अर्थिंग नावालाच उरतं. हा खड्डा तर पावसाळा होऊन गेल्यावरही कोरडा, कारण वर शहाबादी फरशी टाकून तो पूर्ण झाकलेला.

काय केलं

जुना गिझर उतरवला. काकू म्हणाल्या, "आते काय करानं मंग? पाहुणे येनार आहेत." शनिवारी भरिताचा बेत होता, चोपड्याहून माणसं येणार होती. नवाच घ्यायचा ठरलं.

अप्पांना २५ लिटरचा हवा होता. पाच माणसं, बादलीने आंघोळ करणारी, ६० अंशांचं पाणी निम्मं थंड मिसळून वापरणारी; त्यांना १५ लिटर दोन खेपांत पुरतात. मोठी टाकी दिवसभर तापत ठेवली तर वीज फुकट जाते. १५ चाच घेतला, बीआयएसचा शिक्का आणि स्टार लेबल पाहून. टाकी परत काचेच्या थराचीच. तांब्याची जास्त टिकते असं बरेच जण सांगतात. आमच्या पाण्यात क्षार तिच्याही कॉइलवर बसतोच, त्यामुळे किमतीतला फरक मी पाण्याची लाइन सुधारण्यावर घालवायला सांगितला.

ते काम महत्त्वाचं झालं. गच्चीवरच्या दोन टाक्यांमधला जोड तोडला. एका टाकीत फक्त नळाचं पाणी, ती गिझरला आणि स्वयंपाकघराला. दुसरीत बोअर, ती संडास, मोरी आणि झाडांना. नळाचं पाणी दोन दिवस आलं नाही तरी गिझरपुरतं पुरतं. सॉफ्टनरचा, म्हणजे जड पाणी हलकं करणाऱ्या यंत्राचा, विषय मुलाने काढला होता, कोणीतरी टीडीएसचं मीटर पाण्यात बुडवून त्याला घाबरवून गेलं होतं. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच. त्यातलं किती गिझरला चिकटणारं, हे ते मीटर सांगत नाही. टाक्या वेगळ्या करण्याला दोन कॉक, थोडा पाइप आणि अर्धा दिवस लागला.

ज्या प्लंबरने स्क्रू ठोकला होता त्यालाच या कामाला बोलावलं. अप्पा आधी तयार नव्हते. पण तो गल्लीतला, त्याला घराची लाइन माहीत, हात चांगला. त्याला वॉलचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणतं थेंब बंद कर, मी बंद करतो. आतमधी काय ते आम्हाला कोन सांगतं?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. गिझरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण ती खोक्याबरोबर भंगारात जाते. कंपनीचा माणूस बसवून जाताना वॉलकडे बोट दाखवून एक वाक्य बोलला असता तरी हा खर्च वाचला असता. शिवाय याच प्लंबरने आणखी चार घरांत वॉलच काढून सरळ पाइप जोडल्याचं बोलता बोलता सांगितलं. ते तर अजून वाईट. वॉलमधली एकतर्फी झडप गेली की गच्चीची टाकी रिकामी झाल्यावर किंवा धुवायला काढल्यावर गिझरचं पाणी उलटं खाली उतरतं आणि कॉइल कोरडी जळते. एक-दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात टाकी रिकामी होणं ही काही क्वचितची गोष्ट नव्हे. ती घरं त्याने दाखवायची आणि वॉल मी द्यायचे असं ठरलं.

वॉलच्या थेंबांचं काय करायचं, तर जे मागच्या वर्षीच करायला हवं होतं ते. वॉलच्या नळीला पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली आणि वॉशिंग मशीनच्या मागून मोरीच्या जाळीपर्यंत नेली. नळी सतत उतारावर हवी, मध्ये वाटी होऊ द्यायची नाही, आणि खालचं टोक उघडं, पाण्यात बुडवायचं नाही. पारदर्शक अशासाठी की आत पाणी हलतंय की नाही ते दिसतं. पहिल्यांदा गिझर तापवला तेव्हा काकूंनी नळीच्या टोकाशी स्टीलचा पेला धरला. गिझर आपोआप बंद झाला तोवर पेला काठाला आला होता. मी आकडे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नसावा. पेला पाहून मात्र मुलाला हाक मारून दाखवला.

विजेचं काम माझं. बोर्डात दोन पोलची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, तिचं टेस्टचं बटण दाबून महिन्यातून एकदा पाडायची. गिझरला वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा नवा सॉकेट, बटण फेजवर. अर्थिंगची फरशी काढून खड्डा मोकळा केला, तिथे पाणी घालायचं काम नातीकडे दिलं. तुळशीबरोबर तेही होतं. थर्मोस्टॅट ५५ ते ६० च्या मध्ये ठेवला आणि त्या खुणेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे कोणी फिरवला तर कळेल. सेफ्टी वॉलची दांडी दर तीन महिन्यांनी, पाणी थंड असताना, एकदा उचलून सोडायची. मॅग्नेशियम रॉड बघायची तारीख गिझरच्या बाजूलाच मार्करने लिहिली आहे, पुढच्या वर्षीची कोजागिरी. थंडीच्या आधी, आणि आमची घाई सुरू व्हायच्याही आधी.

खर्चाचं सांगायचं तर गिझर, वायरिंग, टाक्यांची लाइन मिळून पंधरा हजारांच्या आत बसलं. त्यात गिझरचा निम्म्याहून थोडा जास्त. मुलगा म्हणाला की रॉड वेळेवर बदलला असता तर हे टळलं असतं का. नवा गिझर घेणं टळलं असतं, जुना अजून तीन-चार वर्षं सहज चालला असता. अर्थिंगचं आणि आरसीसीबीचं काम मात्र तरीही करावंच लागलं असतं.

जुन्या टाकीतलं लोखंड भंगारवाला घेऊन गेला. फ्लँजवरची ती क्षाराची कांडी झालेली कॉइल मी मागून घेतली. ती दुकानात काउंटरवर ठेवली आहे. "गिझरला काय सर्व्हिसिंग लागतं?" असं विचारणाऱ्याच्या हातात देतो. शॉवरचं म्हणाल तर वॉल मोकळा झाल्यापासून तो एकदाही टपकलेला नाही, आणि सूनबाई कार्ट्रिजवाल्या दुकानदाराशी परत बोलायला लागल्या आहेत.